जोशी विषाणू
वैयक्तिक संगणकाच्या तबकड्यांतील पहिला सेक्टर दूषित करणारा एक संगणक विषाणू. भारतात १९९० मध्ये प्रथम आढळला. डॉस प्रणालीवर चालणाऱ्या आयबीएम पीसी व तत्सम संगणकांना त्याचा उपद्रव होई.

संगणक सुरू होताच तबकडीच्या पहिल्या सेक्टरमधील लहानशी आज्ञावली स्मृतीत येते व ती पुढील प्रणाली आणते. हेच बूट होणे. नेमकी हीच जागा हा विषाणू बळकावी. यंत्रात चुकून राहिलेली दूषित फ्लॉपी, तीवर डॉस नसले तरी, संसर्गास पुरेशी होई. ५ जानेवारीस संगणक थबके आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टंकित केल्यावरच पुन्हा चाले.

तबकडी तपासून निदान होत नसे, कारण स्मृतीत दडलेला विषाणू तपासणाऱ्यापुढे मूळ निर्दोष सेक्टरच ठेवी. स्मृतीची मोजणी मात्र त्याला उघडे पाडी. तो सु. ६ किलोबाइट जागा अडवीत असल्याने ६४० किलोबाइट स्मृतीच्या यंत्रात ‘चेकडिस्क’ आज्ञेने एकूण ६,५५,३६० ऐवजी सु. ६,४९,००० बाइट दिसत.

कळफलकावरून संगणक पुन्हा सुरू केल्याने विषाणू जात नसे. वीज बंद करून, लेखनप्रतिबंधित निर्दोष फ्लॉपीवरून बूट करून मगच मूळ सेक्टर पूर्ववत करावा लागे. घाबरून हार्ड डिस्क ‘फॉरमॅट’ करणे हा सर्वांत वाईट उपाय होता : डॉसची ही आज्ञा विभाजन-कोष्टकाच्या सेक्टरला स्पर्श करीत नाही, त्यामुळे माहिती नष्ट होई व विषाणू तेवढा शिल्लक राही.