कुबट वासाचं मूळ ओलीत

जुलै लागला की कोकणात आणि मुंबईत चामडी चपलांवर पांढरा बुरा चढतो, कपाट उघडताच कुबट वास येतो आणि घरोघरी उदबत्त्या, डांबरगोळ्या, सुगंधी फवारे निघतात. दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी वास परत हजर. फवाऱ्यानं वास झाकला जातो, पण ज्या ओलीवर बुरशी जगते ती जागच्या जागी राहते.

बुरशीचे बीजाणू बारा महिने हवेत असतात. लाकूड, कागद, सुती कापड, चामडं हे त्यांचं खाद्यही घरात मुबलक. अडतं ते फक्त पाण्यावाचून. एखाद्या पृष्ठभागालगतची सापेक्ष आर्द्रता ७५-८० टक्क्यांवर टिकून राहिली की बीजाणू रुजतात आणि वाढताना हवेत उडून जाणारी संयुगं सोडतात. १-ऑक्टेन-३-ऑल हे त्यातलंच एक. अळंब्यांचा ओळखीचा वास त्याचाच. मातकट वासाचं जिओस्मिन तर लिटरभर पाण्यात काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. मात्र रोज त्याच हवेत राहून नाक सरावतं. म्हणून बाहेरून आल्यावर दार उघडताच जो पहिला वास येतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा.

घरात वाळत घातलेल्या कपड्यांचा आंबूस वास वेगळा. तो जिवाणूंमुळे येतो. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये त्यातला मुख्य जिवाणू ओळखला : मोराक्सेला ऑस्लोएन्सिस. कपडा वाळला तरी तो तग धरतो आणि पुन्हा ओल मिळताच वास सोडू लागतो. असे कपडे सोसत असतील तर ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवावेत आणि वाळल्यावर कडक इस्त्री करावी.

आता थोडा हिशेब. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. २७ अंश तापमानाला तिथली हवा पूर्ण संपृक्त झाली, तरी तिच्यात वाफेच्या रूपात साधारण ८८० ग्रॅम पाणी मावतं. मशीनमधून पिळून काढलेल्या एका धुण्यातून दीड-दोन लिटर पाणी सहज बाहेर पडतं. दारं-खिडक्या बंद करून दोरीवर कपडे टाकले, तर ते पाणी भिंतीत, गादीत आणि पुस्तकांत मुरणारच. कपड्यांवर पंखा लावा आणि हवेला बाहेर जायला वाट ठेवा. पाऊस कोसळत असताना खिडक्या सताड उघडल्या तर ओलच आत येते. उघडीप मिळाली की मात्र सगळं घर उघडावं.

ओल हवेतली की भिंतीतली, हे घरच्या घरी तपासता येतं. फूटभर लांबी-रुंदीचं जाड प्लास्टिक भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीनं घट्ट बंद करा. दोन दिवसांनी प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय : गच्ची, बाहेरचा तडा किंवा मोरीचा पाइप शोधावा लागेल. खोलीकडची बाजू दमट असेल तर दोष खोलीतल्या हवेचा. पहिल्या प्रकारात आतून कितीही रंग दिला तरी पोपडे सुटणारच.

हवेतल्या ओलीवर उपाय सोपे आहेत. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, एसी असेल तर 'ड्राय' मोडवर चालवा, बंद कपाटात कॅल्शियम क्लोराइडची पुडी ठेवा. आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली की बुरशीची वाढ थांबते. आलेला बुरा कोरड्या ब्रशनं झाडू नका, बीजाणू घरभर उडतात. मास्क लावून साबणाच्या ओल्या फडक्यानं पुसा आणि जागा लगेच कोरडी करा. मेलेल्या बुरशीचीही ॲलर्जी होते, म्हणून ती पुसून काढणं महत्त्वाचं. लहान बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवूच नयेत : जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळांच्या लाल पेशी या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे फुटू शकतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये घरातल्या ओलीवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली, कारण ओल आणि बुरशीचा दम्याशी, श्वसनाच्या तक्रारींशी संबंध दिसून आला आहे. सोसायटीच्या सभेत गच्चीच्या गळतीचा विषय पुढच्या वर्षावर ढकलला जातो, तेव्हा वरच्या मजल्यावरचं दम्याचं मूल आणखी एक पावसाळा त्या हवेत श्वास घेतं. गळतीचा खर्च आरोग्याचा खर्च समजून रंगकामाच्या आधी मंजूर व्हायला हवा.