कोडिंगचा खेळ आणि गटाचं कर्ज



मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी पाचवीतल्या मुलीच्या कोडिंग क्लाससाठी कर्ज मागितलं. लातूर पॅटर्नच्या आपल्या भागात शिकवणीला पैसा लावताना कुणी मागंपुढं पाहत नाही. पण कोडिंग म्हणजे काय, हे आम्हा कुणालाच सांगता येईना. म्हणून आम्ही जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंना आणि गुरुजींना विचारलं.

बाई म्हणाल्या, "धपाटे करताना आधी पीठ मळता, मग थापता, मग तव्यावर टाकता. क्रम चुकला की बिघडलं. संगणकाला असा क्रम लावून सूचना देणं म्हणजे कोडिंग."

त्यासाठी 'स्क्रॅच' नावाचा खेळ आहे. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेनं तो २००७ साली मुलांसाठी खुला केला. रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडले की पडद्यावरचं मांजर चालतं, बोलतं. ५ ते ७ वर्षांच्या लेकरांसाठी २०१४ साली 'स्क्रॅच ज्युनियर' आलं. दोन्ही फुकट आहेत.

बाईंना हे आवडतं. मांजर उलटं गेलं तर पोरं स्वतःच चूक शोधतात, मोठं काम लहान पायऱ्यांत करायला शिकतात.

गुरुजींना काळजी वाटते. "घरात मोबाईल एकच. तो आधी मुलाच्या हातात जातो, मुलीचा नंबर लागतच नाही. खेळ सोडून व्हिडिओ सुरू होतात. आणि शिकवायला आधी आम्हालाही शिकावं लागेल."

दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं, घाई नको. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंग सहावी ते आठवीच्या टप्प्यावर सांगितलंय. त्याच वर्षी कोडिंग क्लासच्या काही फसव्या जाहिराती मागे घ्याव्या लागल्या होत्या. तोवर अंगणात खडूनं चौकोन आखा. एकीनं सांगायचं, "दोन पावलं पुढं, डावीकडं वळ," आणि दुसरीनं तसंच चालायचं. हेही कोडिंगच.

ताईंनी कर्जाचा अर्ज मागं घेतला. त्याऐवजी आम्ही शाळा व्यवस्थापन समितीकडं मागणी केली: शाळेतल्या संगणकावर आठवड्याला एक तास, आणि मुलींचा नंबर आधी. कायद्यानं या समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. त्या नुसत्या सहीपुरत्या नाहीत.

तुमच्या शाळेतला संगणक चालू आहे का? उद्या जाऊन बघा, आणि पुढच्या बैठकीत गटाला सांगा.