'फियॉर्ड' म्हणजे 'खाडी' का? : पारिभाषिक संज्ञेची निवड

भूगोलविषयक मजकुराचे भाषांतर करताना 'फियॉर्ड' या नॉर्वेजियन शब्दासाठी 'खाडी' हा शब्द सहज सुचतो. तो योग्य आहे का, हे ठरवण्यासाठी शब्दाआधी वस्तू पाहावी लागते.

आपल्या परिचयाच्या नदीपासून सुरुवात करू. नांदेडहून पुढे गेलेल्या गोदावरीला लातूरकडून आलेली मांजरा कंदकुर्तीजवळ मिळते. बंगालच्या उपसागराला मिळताना गोदावरीच्या गाळाने त्रिभुज प्रदेश तयार झाला आहे. तेथे नदीने समुद्राला मागे सारले. कोकणात याच्या उलट घडले. हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढली आणि पाणी नद्यांच्या दऱ्यांत शिरले. वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी ही त्याची उदाहरणे. गाळ, भरती-ओहोटी आणि काठची कांदळवने ही खाडीची ओळख होय.

फियॉर्डमध्येही समुद्र जमिनीत शिरतो. मात्र ती दरी नदीने नव्हे, हिमनदीने कोरलेली असते. नदीची दरी डोंगराळ भागात इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी, तर हिमनदीची 'यू' अक्षरासारखी असते. म्हणून फियॉर्डचे कडे उभे व तळ खोल असतो. मुखाशी बर्फाचा जोर कमी पडल्याने तेथे बहुधा उथळ उंबरठा राहतो. ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील स्कोर्सबी साउंड ही जगातील सर्वांत मोठी फियॉर्ड-प्रणाली मानली जाते. तिची लांबी सुमारे ३५० किलोमीटर, म्हणजे लातूर-नांदेड अंतराच्या दुपटीहून अधिक आहे. अनेक हिमप्रवाहांनी कोरल्यामुळे तिला झाडासारख्या शाखा फुटल्या आहेत. काही ठिकाणी खोली १,००० मीटरांहून जास्त आहे.

सारांश, 'खाडी' हा शब्द समुद्राचा शिरकाव सांगतो. हिमनदीचे कार्य सांगत नाही. कथेत ओझरता उल्लेख असेल तर 'खाडी' चालेल. शास्त्रीय लेखनात मात्र 'फियॉर्ड' हीच संज्ञा ठेवावी आणि प्रथम उल्लेखात 'हिमनदीने कोरलेली खोल, अरुंद खाडी' असे स्पष्टीकरण द्यावे.

हा प्रश्न केवळ परीक्षेपुरता नाही. स्वालबार्डमधील काँग्सफियॉर्डच्या काठी भारताचे 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र २००८ पासून आहे. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र ते चालवते. आर्क्टिकमधील बदल आणि आपला मान्सून यांचा संबंध हाही तेथील अभ्यासाचा विषय आहे. पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या मराठवाड्यातील वाचकापर्यंत हे ज्ञान मराठीतून पोहोचवायचे, तर हिमनद्या वितळण्याची वार्ता 'खाडी' या शब्दाखाली झाकली जाता कामा नये.

स्वयं-अध्ययन प्रश्न : आपल्या बोलीतील 'ओढा', 'नाला', 'डोह' यांपैकी कोणत्याही दोन शब्दांतील अर्थभेद वस्तूच्या आधारे स्पष्ट करा.