लक्ष्मीपूजनाच्या पाटावर घरची वही

आश्विन अमावास्येस व्यापारी वहीपूजन करतात. आमच्या घरी त्या सायंकाळी पाटावर वाणसामानाची वही असते. वसुबारसेपूर्वी गतवर्षीचे पान उघडावयाचे, हा आमचा परिपाठ. त्यात ‘सवलतीत रवा, ५ किलो’ अशी नोंद आहे. लाडवांना २ किलो लागला. उरलेल्यात मार्गशीर्षात अळ्या झाल्या. स्वस्ताई कसली ती! नोंदीपुढे सौभाग्यवतींनी एकच शब्द लिहिला आहे : ‘मोह’.

यंदा आधी फराळाचा बेत ठरला, मग घरचे डबे पाहिले, यादी त्यानंतर. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजवावयाचे, म्हणून त्यांची खरेदी पहिली. दर पुड्याचा नव्हे, किलोचा ताडून पाहिला. शेजारच्या चार घरांनी डाळी, साखर एकत्र आणली. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने अशी सामुदायिक खरेदी पूर्वीच रूढ केली आहे.

पूजेचे तूप, कापूर वहीत लिहावे काय, यावर मात्र घरात मतभेद आहे. देवाचे मोजू नये, असे मातोश्री म्हणतात. आम्ही लिहितो, पण ते पान त्यांच्यासमोर उघडीत नाही.