पिकअपच्या पोटाखालची भट्टी

पेट्रोलच्या धुरातील कार्बन मोनॉक्साईड, न जळालेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साईडे या तीन घातक घटकांचे तुलनेने निरुपद्रवी वायूंमध्ये रूपांतर करणारा जो पोलादी डबा इंजिन आणि सायलेन्सर यांच्या दरम्यानच्या नळीत बसवलेला असतो, त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक, आणि या डब्यात ते काम प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम हे मौल्यवान धातू करतात. अमेरिकेत पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेले जुने पिकअप आजही मोठ्या संख्येने वापरात आहेत, आणि त्यांच्या मालकांमध्ये या डब्याबद्दल दोन टोकाच्या समजुती रूढ आहेत: एका समजुतीनुसार तो इंजिनाचा गळा आवळणारा अडथळा आहे, तर दुसरीनुसार तो केवळ कायद्यासाठी बाळगायचा भाग आहे. या दोन्ही समजुती ज्या काळात तयार झाल्या त्या काळात त्यांना काही आधार होता; परंतु त्या आजच्या कन्व्हर्टरला लावल्या जातात तेव्हा मूळ बिघाड इंजिनात राहतो आणि शिक्षा मात्र कन्व्हर्टरला होते.

या यंत्राची कल्पना यूजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्याची. १९३०मध्ये अमेरिकेत आलेल्या हूड्री यांनी उत्प्रेरकाच्या साहाय्याने जड खनिज तेलाचे पेट्रोल करण्याची पद्धत विकसित केली होती; पुढे वाहनांच्या धुराकडे वळून त्यांनी १९५६मध्ये कन्व्हर्टरचे पेटंट मिळवले. लॉस एंजेलिसच्या आकाशातील तपकिरी धुरके वाहनांच्या धुरावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तयार होते, हे कॅलटेकमधील रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी त्याच सुमारास दाखवून दिले होते. तरीही हूड्री यांचे यंत्र रस्त्यावर आले नाही, कारण इंजिनातील ठोका टाळण्यासाठी त्या वेळच्या पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळले जाई आणि ते शिसे धातूंच्या पृष्ठभागावर बसून उत्प्रेरक निकामी करी. हूड्री १९६२मध्ये निवर्तले. शिसे काढल्याशिवाय कन्व्हर्टर चालणार नाही ही अट मात्र तशीच उभी होती.

ती अट अमेरिकेच्या १९७०च्या स्वच्छ हवा कायद्यामुळे पूर्ण झाली. कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोकार्बन ९० टक्क्यांनी कमी करण्याचे बंधन या कायद्याने घातले, आणि १९७५च्या मॉडेलांपासून बहुतेक अमेरिकी मोटारींना कन्व्हर्टर व शिसेविरहित पेट्रोल दोन्ही लागू झाले. शिशाच्या पेट्रोलची जाड तोटी आत जाऊ नये म्हणून टाकीचे तोंड मुद्दाम अरुंद केले गेले. स्वस्त पेट्रोल भरता यावे म्हणून अनेकांनी ते तोंड ठोकून मोठे केले आणि आपलेच कन्व्हर्टर मारले. (मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचे झाले ते १९९५मध्ये, आणि भारतभर शिशाचे पेट्रोल बंद झाले ते २०००मध्ये, दोन गोष्टींची ही सांगड आपल्याकडेही तोडता आली नाही.)

पिकअपची कथा येथे मोटारीपासून वेगळी होते, आणि तिचे कारण वजनाच्या एका रेघेत आहे. वाहनाचे स्वतःचे वजन, माणसे आणि माल धरून निर्मात्याने ठरवलेली कमाल मर्यादा म्हणजे वाहनाचे एकूण अनुज्ञेय वजन. ते ६,००० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे २,७२० किलोपर्यंत असेल तर वाहनाला हलक्या वाहनांची कडक मानके लागत, आणि त्यावर गेले की जड वाहनांची सौम्य मानके पुरत. फोर्डने १९७५ साली एफ-१०० आणि एफ-२५० यांच्यामध्ये एफ-१५० हे मॉडेल आणले, ते या रेघेच्या किंचित वर बसणारे होते आणि म्हणून त्याला कन्व्हर्टर व शिसेविरहित पेट्रोल यांची गरज उरली नाही. शेव्हरोलेनेही आपल्या सी-१०ची अशीच वजनदार आवृत्ती काढली. १९७९च्या मॉडेलांपासून ही रेघ ८,५०० पौंडांवर नेण्यात आली आणि ही वाट बंद झाली. परिणाम असा, की १९७० ते १९८० या दशकातले दोन पिकअप बाहेरून जुळे दिसले तरी एक कन्व्हर्टरसह जन्मलेला असतो आणि दुसरा त्याच्याविना. आणि धुराच्या नळ्यांविषयीचा प्रत्येक निर्णय याच जन्मखुणेपासून सुरू व्हावा लागतो. ही खूण सहसा बॉनेटखाली चिकटवलेल्या उत्सर्जन-नियंत्रणाच्या पट्टीवर सापडते. पट्टी फाटलेली असेल, तर टाकीच्या तोंडावरील शिसेविरहित पेट्रोलची सूचना आणि ते तोंड अरुंद आहे की नाही, यावरून अंदाज बांधता येतो.

पहिल्या पिढीचे कन्व्हर्टर खरोखरच गळा आवळणारे होते, हे मान्य केले पाहिजे. जनरल मोटर्सच्या चपट्या डब्यात ॲल्युमिनाच्या हजारो गोळ्या भरलेल्या असत आणि धुराला त्यांच्यामधून वाट काढावी लागे. गोळ्या निकामी झाल्या की खालचे बूच काढून नव्या भरता येत. कॉर्निंग कंपनीने विकसित केलेली सिरॅमिकची वीट मात्र मधमाशांच्या पोळ्यासारखी आरपार छिद्रांची होती, तिच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा पातळ लेप आणि त्या लेपात धातूचे कण अशी रचना होती, त्यामुळे धूर जवळजवळ सरळ वाहू लागला. धातूंचे एकूण वजन काही ग्रॅमच असते. अडथळ्याची जुनी तक्रार आज बहुधा गोळ्यांच्या डब्याची आठवण असते.

दुसरा मोठा बदल हवा आणि पेट्रोल यांच्या प्रमाणाशी निगडित होता. सुरुवातीचे कन्व्हर्टर फक्त ज्वलन पूर्ण करीत, आणि त्यासाठी लागणारा जादा प्राणवायू इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा हवेचा पंप धुराच्या नळीत ढकली. नायट्रोजनच्या ऑक्साईडांमधून प्राणवायू काढून घेणारे ऱ्होडियमयुक्त त्रिमार्गी कन्व्हर्टर मात्र मिश्रण वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल या प्रमाणाच्या अगदी जवळ राहिले तरच तिन्ही कामे एकत्र करते. साध्या कार्बोरेटरला हे जमत नाही. १९७७च्या मॉडेलसाठी व्होल्वोने धुरातील प्राणवायू मोजणारा बॉशचा संवेदक बसवून हा प्रश्न सोडवला, आणि पुढे हीच व्यवस्था सर्वत्र पसरली. पिकअपमध्ये तिने पाय रोवले ते इंधन फवारणीबरोबर, १९८० नंतरच्या दशकात. १९९६पासून तर कन्व्हर्टरच्या मागेही एक संवेदक आला, आणि पुढच्या व मागच्या नोंदी सारख्याच हलू लागल्या की डॅशबोर्डवरचा दिवा लागू लागला.

कन्व्हर्टर निकामी का होते याचे उत्तर बहुतेक वेळा त्याच्या पुढे, म्हणजे इंजिनाकडे असते. स्पार्क प्लग नीट पेटत नसेल तर न जळालेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते, तापमान १,००० अंश सेल्सिअसच्या पलीकडे जाते आणि विटेची छिद्रे वितळून बुजतात. पिस्टनच्या रिंगा झिजून ऑईल जळत असेल तर त्यातील फॉस्फरस धातूंवर थर धरतो. हेड गॅस्केटमधून शीतक गळत असेल तर तेही उत्प्रेरकाला विषासमान ठरते. चढावर गाडी दम सोडते, डब्यात खडखड ऐकू येते आणि मालक कन्व्हर्टर बदलतो. नवे कन्व्हर्टरही मग त्याच वाटेने जाते. म्हणून इंजिनाच्या सेवन नळीला निर्वातमापक जोडून फेरे वाढवून स्थिर ठेवावेत, काटा हळूहळू खाली घसरत गेला तर धुराच्या वाटेत अडथळा आहे असे समजावे, आणि नवा डबा विकत घेण्यापूर्वी प्लग, वायरी, मिश्रण व ऑईलचा खप तपासावा, हा क्रम चुकवू नये.

धुराच्या उरलेल्या मार्गाविषयी एक रूढ वाक्य असे आहे, की इंजिनाला ओढ मिळण्यासाठी मागचा दाब लागतो. हे वाक्य निरीक्षण म्हणून खरे आणि कारण म्हणून चूक आहे. फार जाड नळी लावल्यावर कमी फेऱ्यांवरची ओढ घटते हे अनेकांनी अनुभवलेले असते, परंतु त्याचे कारण दाब कमी झाला हे नसून वायूचा वेग कमी झाला हे असते. वेगाने निघून जाणारा धुराचा प्रत्येक लोट आपल्यामागे पोकळी निर्माण करतो आणि ती पुढच्या सिलिंडरमधला धूर खेचून घेते. पिकअपचे इंजिन ओझे ओढण्यासाठी, म्हणजे कमी फेऱ्यांवर काम करण्यासाठी असते, त्यामुळे शर्यतीच्या मोटारीची जाड दुहेरी नळी त्याला सहसा मानवत नाही. बिडाच्या मॅनिफोल्डऐवजी लांब नळ्यांचे हेडर लावले तर कन्व्हर्टर मागे सरकते, उशिरा तापते, आणि सुमारे २५० ते ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय ते काम सुरू करीत नाही. त्यातही कार्बोरेटरच्या जुन्या इंजिनात धुराची उष्णता सेवन मार्गाखाली वळवणारी झडप असते. हेडर लावताना ती गेली, की थंडीत इंजिन अडखळते आणि मिश्रण दाट राहते. मॅनिफोल्ड शाबूत असेल तर तोच ठेवावा, नळ्या वाकवताना चेपल्या जाणार नाहीत अशा घडवून घ्याव्यात, आणि मीठ टाकलेल्या रस्त्यांच्या प्रदेशात साध्या पोलादाऐवजी ॲल्युमिनियमचा लेप दिलेले किंवा स्टेनलेस पोलाद निवडावे, हा खर्च सार्थकी लागतो.

कन्व्हर्टर कापून सरळ नळी जोडणे हा मात्र निवडीचा प्रश्न नाही. मूळ कन्व्हर्टर असलेल्या वाहनातून ते काढण्यास संघराज्याच्या कायद्याने कार्यशाळांना आधीपासून आणि १९९०च्या दुरुस्तीनंतर मालकालाही मनाई आहे. कॅलिफोर्नियात १९७५ व त्याआधीच्या वाहनांना धूर तपासणीतून सूट आहे, परंतु तपासणीतून सूट म्हणजे छेडछाडीची परवानगी नव्हे. आणि तिथे बदली कन्व्हर्टर घ्यायचे तर त्यावर राज्याच्या हवा मंडळाचा मान्यता क्रमांक कोरलेला असावा लागतो.

ऱ्होडियमच्या भावाने २०२१मध्ये उच्चांक गाठला तेव्हा कन्व्हर्टरच्या चोऱ्या फार वाढल्या, आणि पिकअप जमिनीपासून उंच असल्याने जॅक न लावताही त्याच्याखाली शिरता येते. मूळ डब्यात मौल्यवान धातू जास्त असतो म्हणून चोर तोच कापतो, आणि मालकाच्या वाट्याला येतो तो बहुधा कमी धातूचा स्वस्त बदली डबा. तो टिकण्याची मुदत आधीच थोडी असते, त्यामुळे झिजलेल्या रिंगांच्या आणि दाट मिश्रणाच्या इंजिनावर तो बसवला तर मागच्या संवेदकाचा दिवा काही महिन्यांतच पुन्हा लागतो.