वैशाखांतील ऊन आणि खिशांतील विद्युद्घट

वैशाख महिन्यांत अमळनेरास बोरी नदीच्या पात्रांत संत सखाराम महाराजांची यात्रा भरते, तेव्हां खानदेशांतील ऊन ऐन भरांत असतें. या दिवसांत जळगांव-भुसावळ भागांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढला, तर त्याचें कोणासहि नवल वाटत नाहीं. अशा उन्हांत यात्रेकरूच्या हातांतील फोन मधूनच मंद होतो, आणि यंत्र फार तापलें आहे, तें निवूं द्यावें, अशी सूचना त्याच्या कांचेवर उमटते. धनी चिडतो; परंतु यंत्र त्या वेळीं आपल्या पोटांतील सर्वांत नाजूक वस्तूचें, म्हणजे बॅटरीचें, रक्षण करीत असतें.

पूर्वी फोनची पाठ नखानें उघडून नवी बॅटरी बसवितां येत असे. आतां ती बहुधा आंत चिकटवून टाकलेली असते व बदलावयाची म्हटली कीं कारागिराकडे जावें लागतें. शिवाय बँक, रेल्वेचें तिकीट, मुलांची शाळा, डॉक्टरांची भेट, सारेंच या एका यंत्रांत येऊन बसल्यामुळें दुपारीं दोन वाजतां मान टाकणारा फोन ही केवळ गैरसोय राहिलेली नाहीं.

या बॅटरीस लिथियम-आयन विद्युद्घट म्हणतात. सोनी कंपनीनें ती १९९१ सालीं प्रथम बाजारांत आणली, आणि तिचा पाया घालणारे गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांस २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तिच्या आंत दोन पातळ थर असतात. एक धातूच्या ऑक्साइडचा, दुसरा ग्रॅफाइटचा. बॅटरी भारतांना लिथियमचे विद्युत्कण पहिल्या थरांतून निघून दुसऱ्यांत जाऊन बसतात. फोन वापरतांना ते परत येतात. तळघरांतील धान्याचीं पोतीं माडीवर चढवावींत व लागतील तशीं उतरवावींत, तसाच हा व्यवहार. मात्र प्रत्येक खेपेस थोडें धान्य सांडतें. ग्रॅफाइटवर एक सूक्ष्म साय धरते व तींत कांहीं लिथियम कायमचें अडकून पडतें. उष्णतेनें ही साय लवकर जाड होते. दुसरीकडे, बॅटरी कांठोकांठ भरली म्हणजे तिचा दाब ४.२ व्होल्ट किंवा त्याहून थोडा वर जातो, आणि त्या ताणाखालीं आंतील द्रव व ऑक्साइडचा थर दोन्हीं झिजूं लागतात.

उष्णता आणि भरलेपणा हे दोन शत्रु एकत्र आले म्हणजे किती नुकसान होतें, हें या विषयांत नेहमीं आधारास घेतल्या जाणाऱ्या एका तक्त्यावरून दिसतें. पूर्ण भरलेली बॅटरी २५ अंशांत वर्षभर नुसती पडून राहिली, तर तिची धारणशक्ति सुमारें शेंकडा ८० उरते. ४० अंशांत ती शेंकडा ६५ वर येते. तीच बॅटरी शेंकडा ४० भरून ठेवली, तर २५ अंशांत ९६ आणि ४० अंशांतहि ८५ उरतात. इतर प्रांतांस ४० अंश हा आंकडा प्रयोगशाळेंतला वाटेल. खानदेशांतील पत्र्याच्या खोलींत मे महिन्यांत तें रोजचें हवामान होय. ॲपल कंपनी आपला फोन ० ते ३५ अंशांच्या हवेंत वापरावा असें सांगते, आणि ही मर्यादा येथें दुपारच्या पुष्कळ आधींच ओलांडली जाते.

आतां एक जुना समज. बॅटरी पार रिकामी केल्याखेरीज भारूं नये, असें वडील मंडळी अजून बजावतात. हा उपदेश खोटा नव्हता. तो निकेल-कॅडमियम बॅटरीसाठीं होता, व तिला तो लागूहि पडे. लिथियमच्या बॅटरीस तो उलटा बाधतो. तिला शेंकडा २० ते ८० या मधल्या पट्ट्यांत सुख असतें, आणि दिवसांतून दोनदां थोडें थोडें भारल्यानें तिचें कांहीं बिघडत नाहीं. अर्धी अर्धी दोन वेळां भरली तरी हिशेबांत ती एकच पूर्ण फेरी धरली जाते.

रात्रभर फोन लावून ठेवण्यासंबंधींची भीतिहि थोडी चुकीची आहे. आजचे फोन भरतांच प्रवाह आपोआप रोखतात. जास्त वीज घुसून बॅटरी बिघडेल असें नाहीं. बिघडतें तें पहांटेपर्यंत तिला पूर्ण भरलेल्या स्थितींत, आणि तेंहि कापसाच्या गादीवर वा उशीखालीं, ऊब धरून ठेवल्यानें. उशीखालचा फोन हा तर सरळ धोकाच आहे, विशेषतः मुलांच्या अंथरुणांत. शेंकडा ८० वर थांबण्याची सोय आतां पुष्कळ फोनांत असते. ती एकदां चालू केली कीं रात्रीं उठून पाहण्याचें कारण उरत नाहीं.

खानदेशी घरापुरतें बोलावयाचें, तर उन्हाळ्यांत फोन पहांटे किंवा रात्रीं उशिरां, थंड फरशीवर, जाड वेष्टण काढून भारावा. मोटारसायकलच्या दांड्यावर उन्हांत लटकवून त्याच वेळीं भारणें हा सर्वांत वाईट प्रकार. तापलेला फोन शीतपेटींत ठेवणेंहि नको. आंत दंव धरतें. जलद चार्जिंग घाईच्या वेळीं वापरण्यास हरकत नाहीं, मात्र त्यांत उष्णता अधिक निघते, म्हणून दुपारीं तें टाळलेलें बरें. कपाटांत ठेवावयाचा जुना फोन अर्धा भरून, बंद करून ठेवावा व सहा महिन्यांनीं पुन्हां अर्धा भरावा.

कांच उचलली गेली किंवा पाठ फुगली, तर आंत वायु सांचला आहे असें समजावें. अशी बॅटरी भारूं नये, दाबूं नये, टोंचूं नये, आणि कचऱ्याच्या डब्यांत तर मुळींच टाकूं नये. टाकाऊ बॅटऱ्या परत घेऊन त्यांची व्यवस्था लावण्याची जबाबदारी २०२२ च्या सरकारी नियमांनीं उत्पादकांवर टाकली आहे. दुकानदाराकडे वा अधिकृत संग्रह-केंद्रांत ती द्यावी.

पूर्ण शंभर भरण्यास बंदी मात्र नाहीं. सुरत-भुसावळ मार्गावरची पहांटेची गाडी पकडावयाची असेल, तर निघण्यापूर्वीं तासभर आधीं फोन लावावा, कांठोकांठ भरावा आणि लगेच वापरावयास घ्यावा.