मतभेद मोठ्यांचे, पोटदुखी लहानांची

बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात येणाऱ्या तक्रारींमध्ये पोटदुखीचा क्रमांक बराच वरचा आहे. काही वर्षांपूर्वी, विधानसभा निवडणुकीच्या धामधुमीत, एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. तीन-चार महिने मुलीच्या बेंबीभोवती वारंवार दुखत होते आणि त्यापायी शाळा बुडू लागली होती. जंताचे औषध देऊन झाले होते. रक्त, लघवी, शौच सारे तपासून झाले होते, सोनोग्राफीही झाली होती. सर्व अहवाल निर्दोष. वजन नीट वाढत होते. ताप, उलट्या, शौचातून रक्त यांपैकी काहीही नव्हते. दुखण्याने रात्री झोपमोडही होत नव्हती. दुखणे बहुधा कोणत्या दिवशी होते, असे मी विचारले, तेव्हा आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘‘रविवारीच जास्त, डॉक्टर. आजीकडे जेवायला जायचे असते ना, तेव्हा.’’

रविवारी आजीकडे काय घडत असे, हे हळूहळू उलगडले. मुलीचे वडील आणि काका हे दोन परस्परविरोधी पक्षांचे कट्टर समर्थक. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी पुढे ढकललेल्या एका संदेशावरून शब्दाला शब्द वाढला, काका गटातून बाहेर पडले आणि तेव्हापासून दोघे भाऊ एकाच घरात जेवूनही एकमेकांशी बोलेनासे झाले. मुलगी काकांची अत्यंत लाडकी. जेवायला काकांजवळ बसावे तर बाबांना वाईट वाटणार, बाबांजवळ बसावे तर काका दुखावणार! हा पेच सोडविण्याचे सामर्थ्य नऊ वर्षांच्या जिवात कोठून असणार? तिच्या पोटाने तो आपल्यापरीने सोडविला. पोट दुखले की आजीकडे जाणेच टळत असे.

वैद्यकीय वाचकांना जॉन अ‍ॅप्ले हे नाव परिचित असेल. ब्रिस्टलच्या या बालरोगतज्ज्ञाने १९५८ मध्ये सहकाऱ्यासह १००० शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. दैनंदिन व्यवहारात अडथळा येईल असे पोटाचे दुखणे तीन महिन्यांत किमान तीन वेळा, ही त्यांची व्याख्या. दर दहा मुलांमागे सुमारे एकाला असे दुखणे होते आणि त्यांतील बहुसंख्य मुलांमध्ये कोणताही शारीरिक रोग आढळला नाही. आज आपण या दुखण्यांना कार्यात्मक पोटदुखी म्हणतो आणि मेंदू व आतडे यांच्यातील संदेशवहनाच्या बिघाडातून त्यांचा अर्थ लावतो. वाचकांनी एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. रोग सापडला नाही, याचा अर्थ मूल सोंग करते असा नव्हे. त्याचे पोट खरोखरच दुखत असते.

घराघरांत राजकारणावरून पडणारी ही फूट केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर ‘थँक्सगिव्हिंग’च्या कौटुंबिक भोजनाचा अभ्यास झाला. आपल्या दिवाळीप्रमाणे या सणाला तेथे सारे कुटुंब एकत्र येते. विरुद्ध राजकीय कल असलेल्या भागांतील माणसे जेथे एकत्र जमली, तेथील भोजनसमारंभ ३० ते ५० मिनिटांनी लवकर आटोपले, असा निष्कर्ष २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. परंतु इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या गोव्याने हा अनुभव दोनदा फार तीव्रतेने घेतला आहे, आणि माझ्या घराने तो जवळून पाहिला आहे.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. पाठोपाठ प्रश्न उभा राहिला : महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे? मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर आणि त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विलीनीकरणाच्या बाजूचा, तर जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष विरोधात. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, वेगळ्या गोव्याचे चिन्ह दोन पाने. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. अंतर ३४,०२१ मतांचे. आजी सांगत असे की, त्या दिवसांत आमच्या एकाच छपराखाली फूलही होते आणि दोन पानेही होती. आजोबा आणि काका फुलाचे, तर बाबा दोन पानांचे. विलीनीकरणाचा हा वाद आमच्या घरात कोंकणीतून चाले आणि त्यावरची पत्रे, वर्तमानपत्रे मराठीतून वाचली जात. देवापुढची आरती मराठी, आईची हाक कोंकणी, अशीच आमच्या घरांची घडण होती.

त्या कौलानंतरची एक घटना आपण सहसा विसरतो. जनमत कौल हरलेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच मार्च १९६७ च्या निवडणुकीत मतदारांनी पुन्हा बहुमत दिले आणि बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. अवघ्या दोन-अडीच महिन्यांत त्याच जनतेने दोन वेगळ्या प्रश्नांना दोन वेगळी उत्तरे दिली. माणूस एका मतापेक्षा मोठा असतो, हे गोव्याच्या मतदाराने तेव्हाच दाखवून दिले होते.

दुसरा प्रसंग राजभाषेचा. १९८५ ते १९८७ या काळातील आंदोलन मी स्वतः पाहिले. त्या वेळी मी अकरावीत होतो. डिसेंबर १९८६ मध्ये हिंसाचार झाला, माणसे दगावली. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी विधानसभेने राजभाषा विधेयक संमत केले. देवनागरी लिपीतील कोंकणी ही राजभाषा ठरली आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य बनला. बाहेर प्रश्न काहीसा निवळला. आमच्या घरात मात्र तो पेटला होता. विधेयक संमत झाल्यानंतरच्या रविवारी बाबा आणि काका सोप्यावर बसून बोलू लागले आणि बोलता बोलता एकमेकांची निष्ठा काढू लागले. काका उठले, काकींना आणि मुलाला घेऊन मडगावच्या आपल्या बिऱ्हाडी गेले. त्या वर्षीच्या चवथीला ते मूळ घरी आले नाहीत. पुढच्या वर्षीही आले नाहीत. गोव्यातील वाचकांना चवथीला भाऊ मूळ घरी न येणे म्हणजे काय, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

आज मागे वळून पाहताना मला दोघांच्या मतांपेक्षा त्या मतांखालची भीती अधिक स्पष्ट दिसते. काका मराठी शाळेत शिक्षक होते. ज्या भाषेवर त्यांचे आयुष्य उभे होते, ती उद्या शाळेतून हद्दपार होईल, ही त्यांची भीती. बाबांची भीती वेगळी होती. ज्या भाषेत आईने वाढविले, तिला कायम नुसती ‘बोली’ म्हणून हिणवले जाईल, असे त्यांना वाटे. दोन्ही भीती प्रेमातूनच जन्मलेल्या होत्या. पण सोप्यावर त्या भीतीचा उच्चार कोणी केला नाही. तेथे फक्त आरोप झाले.

दुरावा मिटविला तो आजीने, आणि तोही एक शब्द न बोलता. दोन्ही वर्षी चवथीला तिने नेवऱ्या-पातोळ्यांचा डबा माझ्या हाती देऊन मला कदंबच्या बसने मडगावला धाडले. काकींनी डबा कधी रिकामा परत पाठविला नाही. दुसऱ्या वर्षी काकांनी माटोळीला बांधायला नारळांची पेंड माझ्याबरोबर दिली आणि बाबांनी ती काही न बोलता स्वतः बांधली. १९८९ च्या चवथीला काका आले. जेवताना पुन्हा भाषेचाच वाद निघाला, आवाज चढले. पण पानावरून कोणी उठले नाही. त्यानंतर दोघे अखेरपर्यंत एकमेकांशी असहमतच राहिले, आणि अखेरपर्यंत भाऊही राहिले.

ही कथा येथे संपली असती, तर मी ती सुखान्त म्हणून सांगितली असती. परंतु अनेक वर्षांनी, मी बालरोगतज्ज्ञ म्हणून स्थिरावल्यानंतर, काकांचा मुलगा एकदा मला म्हणाला, ‘‘दादा, आम्ही दोन वर्षे चवथीला का येत नव्हतो, ठाऊक आहे? मला वाटायचे, माझ्यामुळे.’’ १९८६ च्या चवथीला आरतीच्या वेळी त्याच्या हातून मातीचे घुमट पडून फुटले होते. पुढे काही महिन्यांत मोठ्यांचे भांडण झाले, घर सुटले. त्या सात वर्षांच्या मुलाने दोन घटनांची सांगड घातली आणि घुमट फोडल्यामुळेच आपल्याला घरी नेत नाहीत, हे दोन वर्षे मनात ठेवले. राजभाषा म्हणजे काय, हे त्याला कळण्याचे कारणच नव्हते. कोणी त्याला काही सांगितलेही नव्हते. मी स्वतः त्याच्या घरी डबा घेऊन जात होतो, पण त्याला जवळ घेऊन दोन शब्द सांगावेत, हे मलाही सुचले नाही. याची खंत मला आजही वाटते.

लहान मूल जगाच्या केंद्रस्थानी स्वतःला ठेवूनच विचार करते. जे वाईट घडले ते आपल्यामुळे, हे त्या वयाचे स्वाभाविक तर्कशास्त्र आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ई. मार्क कमिंग्ज आणि पॅट्रिक डेव्हिस यांनी १९९४ मध्ये मुलांच्या ‘भावनिक सुरक्षितते’विषयीची उपपत्ती मांडली. त्यांच्या अभ्यासाचा सारांश असा : मोठ्यांचे वाद मुलांना सरसकट अपाय करीत नाहीत. अपाय करतात ते अपमानकारक आणि न मिटलेले वाद. त्यात धुमसता अबोलाही आला. वाद मिटल्याचे मुलांनी पाहिले, किंवा मागाहून त्यांना तसे समजावून सांगितले, तर त्यांचा ताण स्पष्टपणे उतरतो. हे अभ्यास प्रामुख्याने आईवडिलांच्या भांडणांचे आहेत; पण ज्या घरांत काका, आते, आजोबा हे मुलाच्या रोजच्या जगाचा भाग असतात, त्या घरांत हेच घडते, असे माझा तीस वर्षांचा अनुभव सांगतो.

आपली चूक नेमकी येथे होते. भांडण आपण मुलांदेखत करतो आणि समेट मात्र फोनवर, कोणाच्या तरी मध्यस्थीने, मुले झोपल्यावर करतो. त्यामुळे मूल त्या भांडणातच अडकून राहते.

मग उपाय काय? राजकारणच बोलू नये, असे मी म्हणणार नाही. तो सल्ला व्यवहारात टिकत नाही. शिवाय अशा ‘शांतते’त बहुधा घरातील सुनेने आणि तरुणांनीच गप्प बसायचे असते. माझ्या मते पुढील पथ्ये पाळता येण्याजोगी आहेत.

पहिले पथ्य मुलांविषयीचे. त्यांना पक्षकार करू नये. ‘तू कोणाच्या बाजूचा?’ हा प्रश्न गमतीनेही विचारू नये, निरोप्या म्हणून त्यांना वापरू नये आणि दुरावलेल्या नातलगाविषयी त्यांच्यादेखत वाईट बोलू नये.

दुसरे, समोरच्याचे मत खोडण्यापूर्वी त्या मताखालची भीती विचारावी. ‘तुला असे का वाटते?’ हा प्रश्न खऱ्या जिज्ञासेने विचारला, तर निम्मा ताप तेथेच उतरतो.

तिसरे, कौटुंबिक व्हॉट्सॲप गट वाढदिवस, आजारपण आणि सुखदुःखासाठी राखून ठेवावा. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो, चेहरा नसतो. आणि पुढे ढकललेला संदेश तर आपला शब्दही नसतो. परक्याने लिहिलेल्या वाक्यासाठी सख्खा भाऊ गमावणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

चौथे, बोलणे थांबले तरी येणेजाणे थांबवू नये. आजारपणात भेटायला जावे, सणाचा डबा पाठवावा, बारशा-मुंजीला उपस्थित राहावे. आजीच्या डब्याने जे साधले, ते कोणत्याही युक्तिवादाने साधले नसते.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे : मुलांसमोर भांडलो, तर मुलांसमोरच मिटवावे. मत बदलण्याची आवश्यकता नाही. ‘आमचे पटत नाही, पण हा माझा भाऊ आहे आणि यात तुझी काही चूक नाही,’ एवढे वाक्य पुरेसे आहे.

याला एक मर्यादाही सांगितली पाहिजे. जेथे मताच्या नावाखाली शिवीगाळ, धमकी किंवा एखाद्याच्या जन्माची विटंबना होत असेल, तेथे काही काळ अंतर राखणे हेच शहाणपणाचे. मात्र त्याचे कारण मुलांना त्यांच्या वयाला झेपेल अशा शब्दांत सांगावे.

माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती आहे. वारंवार पोट किंवा डोके दुखणारे मूल आले, की धोक्याची लक्षणे अवश्य तपासावीत. वजन घटणे, रात्री झोपेतून उठविणारे दुखणे, रक्तस्राव, सततच्या उलट्या, विनाकारण येणारा ताप यांपैकी काही असेल, तर शारीरिक कारणाचाच शोध प्रथम घ्यावा. तसे काही नसेल, तर दुसरी सोनोग्राफी सांगण्यापूर्वी इतिहासात एक प्रश्न वाढवावा : ‘घरात सध्या कोण कोणाशी बोलत नाही?’ हा प्रश्न विचारायला अर्धे मिनिट लागते.

त्या नऊ वर्षांच्या मुलीला मी औषध लिहून दिले नाही. तिच्या वडिलांना बोलावून घेतले आणि माझ्या चुलत भावाची घुमटाची हकीगत सांगितली. ते बराच वेळ खाली मान घालून बसले. पुढच्या रविवारी दोघे भाऊ लेकीसमोर एकमेकांशी बोलले. पहिले बोलणे क्रिकेटविषयी झाले, असे आईने मागाहून कळविले. दुखणे एका दिवसात गेले नाही. दोन-तीन महिन्यांत हळूहळू कमी होत गेले आणि शाळा नियमित सुरू झाली. त्या निवडणुकीत दोघा भावांनी आपापल्या पक्षालाच मत दिले असणार, याविषयी मला शंका नाही. मुलगी मात्र दोघांच्या मधोमध बसून जेवली.